फिरत्या खुर्च्यांची गाडी

“कुटुंब येत नाहीये,” दाबीर सरांनी फोन खिशात टाकत जाहीर केलं. “निगडीच्या त्या देवकरांच्या भावकीत कोणीतरी गेलं. सुतक आहे. अशा दिवसांत मजेच्या कामाला कोण येणार? आपणही या म्हणू नये.”

मी तेव्हा लाकडी गाडीच्या आत गुडघ्यांवर बसून पायाखालचा गालिचा सरळ करत होते, पाहुणे येणार म्हटल्यावर घरी करतात तसा. हातातलं काम टाकून मी दारातून डोकं बाहेर काढलं.

“मग पुढच्या आठवड्यात घेऊ या का, सर?”

“सोमवारी चेअरमन येतायत, ऋजुता. त्यांना काय सांगू? गाडी कुटुंबाची आहे, फक्त कुटुंब तेवढं अजून तिच्यात बसलेलं नाही?”

चिंचवडच्या एका गाड्यांच्या कंपनीत मी नुकतीच डिझायनर म्हणून लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मोठ्या मोटार प्रदर्शनात ठेवायला आम्ही एक गाडी तयार करत होतो. विकायची नव्हे, दाखवायची. उद्याची कुटुंबाची गाडी कशी असेल, तर अशी, एवढंच तिनं सांगायचं. तिचं नाव ठेवलं होतं ‘ओसरी’. बॅटऱ्या सगळ्या जमिनीखाली, त्यामुळे आतली जमीन सपाट. साडी नेसलेल्या बाईलाही सहज चढता यावं म्हणून उंबरा अगदी खाली. मधला खांब नसलेली सरकती दारं, बाकाखाली चपलांचा खण, डब्याची पिशवी अडकवायला आकडा. हे सगळं सर्वांनी मिळून केलेलं. पण गाडीचा जीव ज्यात होता ते काम माझं होतं. मोठ्या रस्त्याला लागलं की ही गाडी स्वतःची स्वतः चालणार, स्टिअरिंग घडी होऊन आत जाणार आणि पुढच्या दोन्ही खुर्च्या गोल चकतीवर फिरून मागं तोंड करणार. म्हणजे सगळं घर समोरासमोर. सोमवारी दाखवायच्या चित्रांत पहिलंच चित्र तसं होतं. त्यातलं कुटुंब हसत होतं.

प्रत्यक्षात अजून गाडी नव्हतीच. प्लायवूड, फोम आणि कापड यांची एक खरीखुरी मापाची प्रतिकृती होती, तिच्यासमोर भला मोठा पडदा. तिच्यात खऱ्या घरातली माणसं बसवायची, कॅमेरा लावायचा आणि शेजारच्या खोलीत बसून ती कशी वागतात ते बघायचं.

“घरचं कोणी बोलाव,” सर म्हणाले. “तुझ्या घरी आहेत ना सगळे? आई, वडील, भाऊ?”

घरी सगळे होते. अडचण तीच होती.

माझा भाऊ हेमंत, म्हणजे दादा, इंजिनियर. चांगली नोकरी सोडून त्यानं जुन्या मुंबई रस्त्यावर, वडगावच्या पुढं, खान्देशी जेवणाचं हॉटेल काढलं. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. नाना, म्हणजे आमचे वडील, पाणीपुरवठ्यात ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. दादानं राजीनामा दिल्याचं कळलं त्या दिवशी नाना एवढंच म्हणाले, “लोकांना वाढायचंच होतं तर इंजिनियर कशाला झालास?” दादा उठून आत गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एका छताखाली राहत, एकाच नळाचं पाणी पीत आणि एकमेकांना जे काही सांगायचं ते आईमार्फत सांगत. नानांनी त्या हॉटेलात पाऊल टाकलेलं नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी त्यांची पाठ धरली होती म्हणे.

फिरत्या खुर्च्या मला कशा सुचल्या हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. या दोघांना एकदा तोंडाकडे तोंड करून कुठंतरी कोंडावं, पळायला जागा ठेवू नये, म्हणजे झक मारत बोलतील, एवढं साधं माझं तंत्रज्ञान होतं. आता आयती संधी आली होती आणि नेमकी तीच मला नको वाटत होती. खुर्च्या चालल्या नाहीत तर नोकरीत नाक कापलं जाणार. आणि खुर्च्यांनीही हे दोघं बोलले नाहीत, तर मग ते कशानं बोलणार होते?

मी आईला फोन लावला.

“काय नेसू?” तिनं पहिलं विचारलं.

“काहीही नेस. नाना येतील का?”

फोन बाजूला धरल्याचा आवाज आला. “अहो, ऋजूच्या ऑफिसात जायचंय. नव्या गाडीत बसायचंय.” मग लांबून नानांचा आवाज. “येतो. पण नेणार कोण? त्याला विचार, गाडी काढतो का.” मग आईचा. “हेमंत, गाडी काढतोस का?” मग त्याहून लांबून दादाचा. “काढतो म्हणावं. आज मंगळवार, हॉटेल बंदच आहे.” मग पुन्हा आईचा. “काढतो म्हणतोय.” आणि नाना. “ऐकलं.”

आमच्या घरात एका वाक्याला इतका प्रवास करावा लागे.

ते आले तेव्हा मी फाटकाशीच उभी होते. दादाच्या गाडीतून नाना मागच्या दारानं उतरले, भाड्याच्या गाडीतून उतरावं तसे. आईच्या हातात नारळ.

“हा कशाला?”

“नवी गाडी म्हणालीस ना?”

“आई, लाकडी आहे ती.”

“मग काय झालं? देव्हारासुद्धा लाकडीच असतो.”

दाबीर सरांनी हात जोडून आईची बाजू घेतली. नारळ फोडू दिला नाही, पण आईनं आमच्या प्लायवूडच्या बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उठवलीच. नंतर त्यावर रंग चढवताना आमच्या रंगकामाच्या पोरांची कोण तारांबळ उडाली.

कॅमेरा आहे, शेजारच्या खोलीतून आम्हाला सगळं दिसतं आणि ऐकू येतं, हे मी तिघांनाही नीट सांगितलं. “असू दे,” नाना म्हणाले. “आम्ही काय चोऱ्या करणार आहोत?”

पहिली पाळी समोरासमोरची. मागच्या बाकावर नाना आणि आई, फिरवलेल्या खुर्चीवर त्यांच्याकडं तोंड करून दादा. “आता समजा, गाडी आपोआप चाललीय,” मी माइकवरून म्हटलं. “स्टिअरिंगकडे कोणी बघायचं नाही. आरामात बसा. गप्पा मारा.”

“ऋजू म्हणतेय गप्पा मारा,” नाना छताकडं बघत म्हणाले.

“मारा की,” आई म्हणाली.

कोणीच मारल्या नाहीत. दादानं खिशातून फोन काढला, मग कॅमेरा आठवून परत ठेवला. नानांनी छताच्या काचेची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते आणि दोघंही ते आपले नाहीतच अशा बेतानं बसले होते.

“हेमंतला म्हणावं, पाय जरा आवर,” नाना शेवटी आईला म्हणाले.

“हेमंत, पाय घे रे बाबा.”

“आई, त्यांना सांग, जागाच एवढी आहे.”

“अहो, जागाच एवढी...”

“ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून.”

आईनं पर्समधून बडीशेप काढून आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या हातावर ठेवली. दोघांनीही ती इतकी मन लावून चावली की त्या वेळी बडीशेपेखेरीज जगात दुसरं काही नसावं.

शेजारच्या खोलीत दाबीर सर माझ्याकडं वळले. “ऋजुता, सुतक नक्की देवकरांकडंच आहे ना? की तुमच्याकडं?”

मग मात्र मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नोकरी, हॉटेल, आईमार्फत जाणारे निरोप आणि खुर्च्या का सुचल्या तेही. सांगताना डोळ्यांत पाणी आलं, त्याचाच जास्त राग आला. सरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. समजूत घालायच्या भानगडीत ते पडले नाहीत, ते एक बरं झालं.

“दुसरी पाळी घेऊन टाक,” ते म्हणाले. “साधी गाडी चालवायची. आलेच आहेत तर.”

दुसरी पाळी म्हणजे खुर्च्या पुन्हा पुढं वळवलेल्या, स्टिअरिंग बाहेर आणि पडद्यावर रस्ता. आमच्या चाचणी विभागातल्या लोकांनी पुढच्या काचेशी कॅमेरा बांधून जुन्या मुंबई रस्त्यानं लोणावळ्यापर्यंत गाडी नेली होती, ती चित्रफीत. आसनांची उंची, काचेतून दिसतं किती, हे पाहायला ती पुरे. स्टिअरिंग फिरवलं तरी पडद्यावर काही होत नसे.

मी खुर्च्या वळवल्या. दादा स्टिअरिंगवर बसला. नाना सवयीनं मागं चढायला लागले, तर आईनं बाकावर पाय पसरलेले. “माझे पाय भरून आलेत,” ती म्हणाली. “तुम्ही पुढं बसा ना.” तिनं डोळेही मिटून घेतले. नाना क्षणभर उंबऱ्यात थांबले आणि पुढं जाऊन बसले.

खोलीतले दिवे मालवले. पडद्यावर सोमाटणे फाटा आला. कडेची झाडं, दुचाक्या, ऊन. दादानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि खरंच चालवू लागला. वळण आलं की हात वळत. नानांचा उजवा पाय तिथं नसलेल्या ब्रेकवर दाबला जाताना मला कॅमेऱ्यात दिसला. तेवढ्यात डावीकडून एक ट्रक आत घुसला.

“हॉर्न दे की!” नाना ओरडले.

“वाजत नाही, नाना. लाकडी आहे.”

“मग हळू घे.”

“वेगपण माझ्या हातात नाही.”

“मग तुझ्या हातात आहे तरी काय?”

“नुसतं स्टिअरिंग,” दादा म्हणाला आणि फसकन हसला. नानांच्याही गालाची कड हलली.

मी टेबलाची कड धरली. दोघं बोलले होते, आणि मध्ये आई नव्हती! त्यांना स्वतःला ते कळलंही नव्हतं. ट्रक मागं पडला आणि दोघांचे डोळे पुन्हा रस्त्याला लागले.

“त्या मोरीपाशी व्हॉल्व्ह गळतोय बघ,” नाना म्हणाले. “आमच्या वेळी असं चालत नसे.”

“हो. रोज बघतो मी जाताना.”

“मग कळवायचं कोणालातरी.”

“कळवलंय.”

“बरं केलंस.”

तळेगाव गेलं. बराच वेळ नुसता रस्ता येत राहिला. मग नाना एकदम म्हणाले, “रस्सा वेगळा बांधून देत जा.”

“कसला?”

“शेवभाजीचा. पार्सलमध्ये तुम्ही शेव आधीच घालून देता. घरी नेईपर्यंत लगदा होतो.”

दादाची मान त्यांच्याकडं वळायला लागली.

“पुढं बघ! पुढं बघून चालव!”

दादानं निमूट पुढं पाहिलं. गाडी प्लायवूडची होती हे त्या दोघांना सांगायला आता कोणी गेलं असतं, तर मी त्याला खोलीतून हाकललं असतं.

“लगदा होतो हे तुम्हाला काय माहीत?”

“समोरच्या बागुलांचा मुलगा तिकडं कंपनीत जातो. येताना घेऊन येतो. मी बागुलांकडं जाऊन खातो.”

“कधीपासून?”

“तू उघडलंस तेव्हापासून.”

दादानं पडद्यावरच्या वळणाबरोबर स्टिअरिंग वळवून सरळ केलं. “कशी असते?”

“ठीक असते. मिरची आपल्याकडची वाटत नाही.”

“आपल्याकडचीच आहे. मामा पाठवतो पारोळ्याहून.”

“मग भाजायला कमी पडते.”

“सांगतो आचाऱ्याला.” मग थोडं थांबून, “बागुलकाकांकडं लपून खायचं, त्यापेक्षा तिथं येऊन का नाही खाल्लीत, नाना?”

रस्त्यावर एक लांब सरळ पट्टा आला होता. नाना त्याच्या टोकाकडं बघत राहिले.

“तू बोलावलंस कुठं?”

“म्हणजे? आईजवळ निरोप दिला होता की!”

“आईजवळ.” नानांनी हात मांडीवर घासला. “बागुलाच्या घरी स्वतः गेलास. त्याच्या हातात आमंत्रणाची सुपारी दिलीस, उद्घाटनाला या म्हणालास. अख्ख्या आळीत सुपारी वाटलीस. बापाला निरोप. तोही स्वयंपाकघरातून.”

मला हे माहीतच नव्हतं. पाठ धरली होती, असंच मी धरून चालले होते. राग नोकरीचा आहे असं घरात सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं, आणि इकडं नाना एका सुपारीसाठी अडून बसले होते.

“तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही,” दादा म्हणाला. त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले होते. “तुम्ही नुसतं बघितलं असतं ना, तरी मी परत नोकरीवर गेलो असतो.”

“मी तरी कुठं बघत होतो तुझ्याकडं?” नाना म्हणाले. “त्या दिवशी जास्तच बोललो. तेव्हाच कळलं होतं. पण तोंडावर कसं सांगायचं?”

एवढं त्यांनी समोरच्या पडद्यालाच सांगितलं. दादानंही पडद्याकडंच बघून मान हलवली. वडगाव मागं पडलं. दूरवर डाव्या हाताला एक हिरवी पाटी दिसू लागली आणि ती ओळखून मी खुर्चीवरून उठलेच. त्या चित्रफितीत दादाचं हॉटेल येतं हे माझ्या लक्षातच नव्हतं. पाटी मोठी होत आली. बाहेर टाकलेल्या बाजा, माठ, शेगडीचा धूर.

“हेच का?” नानांनी विचारलं.

“हेच.”

“थांबव.”

“नाना, हे...”

“अरे थांबव ना! मागं जाईल!”

“पडदा आहे, नाना. थांबत नाही.”

पाटी डावीकडून सरकून गेली. नानांनी अख्खं अंग वळवून मागं पाहिलं. तिथं प्लायवूड होतं आणि डोळे मिटून पडलेली आई. ते पुन्हा सरळ झाले. पडद्यावर कामशेतकडचा रस्ता सुरू झाला होता आणि त्याच्याशी आता कोणालाच काही देणंघेणं नव्हतं.

“नाना,” दादा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “हॉटेलात जेवायला या. मी बोलावतोय.”

“आज मंगळवार. बंद असेल.”

“किल्ली माझ्याकडं आहे.”

“आचारी नसेल.”

“मी आहे की.”

नानांनी थोडा विचार केला. “मिरची भाजताना मी जवळ उभा राहणार.”

“राहा.”

“चल मग.”

दोघंही दोन बाजूंनी उतरले. पडद्यावरची गाडी बिचारी एकटीच लोणावळ्याच्या दिशेनं जात राहिली.

दाबीर सरांनी हातातली लेखणी खाली ठेवली. त्यांनी बराच वेळ काही लिहिलंच नव्हतं.

“घरी जेवायला कसे बसतात हे दोघं?” त्यांनी विचारलं.

“टेबलावर. समोरासमोर.”

सरांनी भुवया उचलल्या. मला माझं हसू आवरेना आणि रडूही. रोज रात्री माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच घरात, माझ्या गाडीची चाचणी होत होती आणि रोज ती नापास होत होती. मी आपली भाकरी वाढत होते.

“सोमवारी चेअरमनना काय दाखवायचं?” सर म्हणाले.

“खुर्च्या पुढं बघतील, सर. सगळ्या. आपल्याकडची माणसं मनातलं बोलतात ती रस्त्याकडं बघत. स्टिअरिंग जाईल तेव्हा जाऊ दे, पण रस्ता काढून घेऊ नये. पुढची काच मोठी करू. मागच्या बाकावरून, लहान पोरालासुद्धा, पुढचा रस्ता दिसला पाहिजे. डॅशबोर्ड आणखी खाली घेऊ.”

“प्रदर्शनात लोक म्हणतील, यात नवीन काय?”

“म्हणू देत.”

प्रदर्शनात लोक तसंच म्हणाले, हे सांगितलं पाहिजे. पण ‘ओसरी’त येऊन बसलेली माणसं लवकर उठत नव्हती, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी धावत खाली गेले. दादा गाडी फाटकाकडं घेत होता. नाना पुढं बसले होते आणि पट्टा लावायची खटपट चालली होती. मला पाहून त्यांनी काच खाली केली.

“गाडी चांगली केलीस, ऋजू,” ते म्हणाले. “तेवढं ते तोंडाकडं तोंड करून बसायचं बघ. माणसाला अवघड होतं.”

“काढतेय, नाना.”

मागच्या सीटवर आई उशाला पर्स घेऊन आडवी झाली होती. मी खिडकीतून विचारलं, “तुला बरं नाहीये का?”

“मला काय धाड भरलीय?” ती म्हणाली. “मघाशी नुसते डोळे मिटले होते. आता खरंच झोपते. यांचं यांना बोलू दे. किती दिवस मी यांचं टपाल वाहायचं?”

दादानं गाडी सोडली. फाटकातून वळताना नानांनी डाव्या हातानं काहीतरी दाखवलं आणि दादानं त्यांच्याकडं न बघताच मान डोलावली.

मी परत वर आले. पाना घेतला, लाकडी गाडीत शिरले आणि पाठीवर झोपून खुर्चीखालची ती गोल चकती सोडवू लागले. बोल्ट आवळले होते मीच, हात दुखेपर्यंत. एकेक निघत गेला तशी मी गुणगुणायला लागले. आजवर कितीतरी गाड्यांवर काम केलं, पण स्वतःची करामत इतक्या आनंदानं मी पुन्हा कधीच मोडली नाही.